तळ्यावरची चौथी सुपारी

१

करंजवळला पाहुणा आला की त्याला तीन गोष्टी दाखवायच्या, हे ठरलेलं. तळं, तळ्यापलीकडचं देऊळ आणि देवळामागचा सादेचा कडा. त्या दुर्गाकाकीनेच दाखवायच्या, हेही ठरलेलंच. तिला कुणी नेमलं नव्हतं. पण जिल्हा वेगळा झाल्यापासून कुडाळच्या एस्टीतून साहेबलोक, मास्तरमंडळी, सुट्टीवरचे मुंबईकर उतरायला लागले, आणि दुर्गाकाकीचं घर पडलं नेमकं थांब्यासमोर. पदर खोचून ती पुढे निघायची आणि मागे न बघता ओरडायची, "खाली बघान चला! वर बघीत चालश्यात तर देवळाच्या आधी दवाखानो दिसतलो."

नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. शिक्षण चवथी. पण चवथी *पास*, हे ती एका माणसाला तीनदा सांगे. गणतीत तिचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. लग्नाच्या पंगतीत किती पानं उठली, किती माणसं बसायची राहिली, हे ती वाढता वाढता सांगायची आणि एकाचाही फरक पडायचा नाही.

तळ्याच्या पहिल्या पायरीशी एक काळा पाषाण आहे. होडीत बसण्याआधी गावचा लवू घाडी तिथे तळ्याच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचा आणि जितकी माणसं, तितक्या सुपाऱ्या पाषाणावर मांडायचा. होडीवाल्याची सुपारी नसते. तो पाण्याचाच माणूस धरतात. परत आलं की ज्याने त्याने आपली एक सुपारी उचलायची आणि घराचा उंबरा ओलांडीपर्यंत मुठीत धरायची. पाहुणे हसायचे, पण उचलायचे. पाषाणावर सुपारी उरता कामा नये, एवढा एकच नेम. उरली तर काय होतं, असं लवूला कुणी विचारलं तर तो पाण्याकडे पाठ करून म्हणायचा, "उरूक देव नये." त्यापुढे एक अक्षर नाही.

२

त्या वर्षी मे महिन्यात गुरुदास आला, दुर्गाकाकीचा एकुलता एक झील, लालबागच्या एका छापखान्यात कामाला. सोबत बायको, सीता. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सीता जन्मली-वाढली गिरगावात, बोलणं पुस्तकातलं, अंग काडीसारखं. सहा वर्षांत दोनदा दिवस राहिले आणि दोनदा तिसऱ्या महिन्याच्या आत गेले. दुर्गाकाकी सुनेला तोंडावर कधी काही बोलली नव्हती. पण मुंबईला पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी "बाकी नवीन काय?" हे तीन शब्द ती स्वतःच्या हाताने लिहायची, आणि सीताला ते तीनच शब्द आधी दिसायचे.

आल्या दिवशी सीता बांगड्याच्या कालवणापुढून उठून मागल्या दारी गेली. "मुंबयची पोटां," दुर्गाकाकी म्हणाली, "पाण्याच्या नळासारखी. कधी येतला नि कधी जातला, काय नेम नाय."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर तिघं तळ्यावर गेली. सीताने तळं याआधी कधी पाहिलं नव्हतं. करंजांच्या सावलीतून वाट खाली उतरली आणि ती जागच्या जागी उभी राहिली. मेच्या उन्हात भोवतालचे डोंगर करपून गेलेले, पण मधोमध पाणी काठोकाठ, हिरवंकाळं, कमळांच्या पानांनी झाकलेलं. वारा नव्हता. पलीकडच्या देवळाचा कळस पाण्यात उलटा उभा होता, आणि वरच्यापेक्षा खालचा जास्त खरा वाटत होता.

"केवढं शांत आहे," सीता हळूच म्हणाली.

"शांत नाय. आयकता," दुर्गाकाकी म्हणाली. हे ती सगळ्याच पाहुण्यांना सांगायची.

होडीवाला बाबू पायरीवर बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "काकी, आज नको गो. लवूदाजी डोळो दाखवक कणकवलेक गेलोहा. गाराणा कोण घालतलो?"

"मी घालतंय."

"बायलमाणूस?"

"देवान माका तोंड काय फकत तुका गाळी देवक दिल्यान? पंचवीस वर्सां आयकतंय. लवूपेक्षा बरा येता माका."

तिने कनवटीच्या सुपाऱ्या काढल्या. पाषाणावर मांडल्या. एक, दोन, तीन. हात जोडले.

"बा म्हाराजा, तळ्याच्या राखणदारा, आज ही तीन माणसां तुझ्या पाण्यार येतत. मी, माझो झील, माझी सून. तीन नेतंय, तीन परत हाडतंय. कमी नाय, जास्ती नाय. चुकला माकला लेकरांचा म्हणान सांभाळून घे."

"होय म्हाराजा," बाबूने बिडी विझवून सूर दिला. मग हळूच म्हणाला, "कमी-जास्ती कित्या म्हटलंस? लवूदाजी ता म्हणणत नाय."

"माझी गणती पक्की आसा म्हणान म्हटलंय. चल, होडी सोड."

३

होडीत काही घडलं नाही. बाबू मात्र दोनदा थांबला आणि होडीच्या कडेला हात लावून पाणी किती वर आलंय ते चाचपलं. "आज जड लागता," एवढंच म्हणाला. दुर्गाकाकी म्हणाली, "पेज जास्ती खाल्लंस." गुरुदास हसला. सीता हसली नाही. ती एक हात पाण्यात सोडून बसली होती, आणि कमळाची पानं त्या हाताला वाट देत बाजूला होत होती. होडीमुळे होत असतील. होडीमुळेच होत होती.

देवळातल्या लाकडी खांबांवरचे हत्ती बघून झाले, मोर बघून झाले. मग मागच्या अंगाला सादेचा कडा. उभा, काळा, ताडाएवढा उंच. त्याच्यासमोर उभं राहून हाक मारली की आपली हाक परत येते. शाळेच्या सहली यायच्या तेव्हा पोरं घसा बसेपर्यंत ओरडायची.

आधी गुरुदास ओरडला. हाक एकदा परत आली.

दुर्गाकाकीने "गोऽऽ" केलं. एकदा परत आलं.

"मार गो हाक, लाजतंस कित्या? हय कोण सासरो बसलोहा?"

सीताने तोंडाशी हात धरून बारीक आवाजात "ऊऽऽ" केलं. तिचा आवाज परत आला. मग जरा वेळ गेला, श्वास घेण्याइतका, आणि आणखी एक आवाज आला. तो तिचा नव्हता. त्याहून बारीक, ओला, ज्याला अजून शब्द धरता येत नाही तसा.

गुरुदास मान वर करून कड्याकडे बघायला लागला.

"कड्याक कपारी आसत," दुर्गाकाकी म्हणाली. "एका कपारीतसून एक येता, दुसरेतसून दुसरो."

पण आपला आवाज एकाच कपारीतून का आला, हा हिशेब तिला लागेना. पंचवीस वर्षांत कड्याने एका हाकेला दोन सादा दिलेल्या तिने ऐकल्या नव्हत्या. तिने तो विचार तिथेच सोडला आणि फराफरा चालायला लागली.

४

होडी परत पायरीला लागली तेव्हा ऊन करंजांच्या शेंड्यावर होतं. पहिल्यांदा दुर्गाकाकी उतरली. पाषाणापाशी गेली आणि वाकली ती वाकलेलीच राहिली.

चार सुपाऱ्या होत्या.

तीन तिच्या, सुक्या, तपकिरी. मांडल्या तशाच ओळीत. चौथी त्याच ओळीत, तितक्याच अंतरावर, सालीसकट, हिरवीगार, बोराएवढी. तिच्याभोवती पाषाण ओला होता. बाकीचा सगळा पाषाण उन्हाने तापून पांढरा पडला होता.

"ही खंयची रे?" ती बाबूला म्हणाली.

बाबू होडीतून उतरलाच नाही. "माका नको विचारू. मी तुमच्यावांगडाच हुतंय."

तिने वर बघितलं. वर करंज. पोफळीचं झाड एकही नाही. जवळची पोफळीची बाग म्हणजे पार वळणापलीकडे. मग वटवाघळाने टाकली असेल. माकडाने टाकली असेल. पण माकड ओळीत कशाला ठेवील?

"आये, काय झाला?" गुरुदास म्हणाला.

"काय नाय. उचला आपापली."

गुरुदासाने एक उचलली. तिने एक उचलली. सीताचा हात तिसऱ्या सुपारीवर आला आणि तिथून सरकून हिरवीकडे गेला.

"ती नको!" दुर्गाकाकी खेकसली. "ती आमची नाय. तीन म्हटलंय, तीनच."

आणि पाषाणावर सुपारी उरता कामा नये म्हणून तिने ती हिरवी सुपारी चिमटीत धरली. लागली किती गार! हातातली नाडी उडावी तशी काहीतरी उडाली तिच्या बोटात. स्वतःचीच असणार. तिने हात मागे नेला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून सुपारी तळ्यात भिरकावली.

पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. चौघांनीही वाट बघितली. आला नाही.

५

घराचा उंबरा ओलांडून तिघांनी सुपाऱ्या देव्हाऱ्यात ठेवल्या. गुरुदास गावात मुंबईच्या परतीच्या गाडीची चौकशी करायला गेला. दुर्गाकाकी चुलीपुढे बसून माडाच्या चुडती मोडत होती, तेवढ्यात सीता आली आणि शेजारी बसली.

"आई, एक सांगायचंय. ह्यांनाही सांगितलं नाही अजून."

"सांग."

"मला तिसरा महिना आहे."

दुर्गाकाकीच्या हातातली चुडत मोडायची राहिली.

"दोनदा सांगितलं, पेढे वाटले, आणि दोन्ही वेळा... म्हणून म्हटलं, या खेपेला तीन महिने उलटल्याशिवाय कुणाला सांगायचंच नाही. पण तळ्यावरून आल्यापासून ओटीपोटात गार वाटतंय हो. दुखत नाही. नुसतं गार. कुणीतरी दार उघडं टाकून गेल्यासारखं."

दुर्गाकाकीने सुनेकडे बघितलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. पंगती मोजणारा हात. मी, माझो झील, माझी सून. तीन नेतंय. कमी नाय, जास्ती नाय. पाण्याने माणसं नीट मोजली, तिची चूक सुधारून चौथं तिच्यासमोर ओळीत मांडून ठेवलं, आणि तिने ते उचलून फेकून दिलं.

डोक्यात एक शहाणं माणूस बसलेलं असतं, ते म्हणालं, दुर्गे, सुपारी ती. झाडाची. थकलीहा चेडू, उन्हातून चालली, पोट गार पडणारच. गरम पेज दे.

ती उठली. "तू हय बस. भुंयक पाय लावू नको, पाटार बस. मी येयपर्यंत हलू नको."

"कुठे चाललात?"

"माझी एक वस्तू रवली तळ्यार."

६

दिवेलागण व्हायची होती. आभाळात उजेड होता, वाटेवर नव्हता. दुर्गाकाकी पाषाणापाशी आली. पाषाण रिकामा. ती लुगड्याचा काचा मारून सरळ पाण्यात शिरली, गुडघ्यापर्यंत, मग मांड्यांपर्यंत. पाण्यात हात घालून तळ चाचपला. चिखल, कमळाचे देठ, शेवाळ. सुपारी कुठली मिळायला? भिरकावली होती ती मधोमध.

मग ती बोलायला लागली. आधी तिच्या नेहमीच्या आवाजात.

"आयकतंस नाय? पंचवीस वर्सां हय येतंय, येक सुपारी तुझ्याकडे उरवूक नाय. आज माझी चूक झाली. माझी! चेडवाची नाय, तेच्या पोटातल्याची नाय. माका धर. ह्या पन्नास वर्सांचा मडक्या घे नि माझा परत दी."

बेडूक बोलत होते ते थांबले. रातकिडे थांबले. तळ्याचं ऐकणं तिने आजवर शेकडो पाहुण्यांना गंमत म्हणून सांगितलं होतं. आता ते तिला अंगावर कळलं. सगळं पाणी तिच्याकडे तोंड करून होतं.

तिचा आवाज बसला. "मोजूक चुकलंय, म्हाराजा," ती म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात कुणासमोर उच्चारलं नव्हतं. "चार होती. चार."

तळ्याच्या मधोमध कमळाची पानं हलली. एक पान उचललं गेलं, मग त्याच्या अलीकडचं, मग त्याच्या अलीकडचं. रेघ सरळ तिच्याकडे येत होती. पोहणाऱ्याची रेघ तिला ओळखता येत होती, मगरीची ऐकून ठाऊक होती. ही तशी नव्हती. कुणीतरी तळावरून चालत येत होतं, घाई न करता, घरी येणाऱ्या माणसासारखं.

दुर्गाकाकी पळाली नाही. पाय चिखलात होते म्हणून नाही. पळून कुठे जाणार? मागायला तीच आली होती.

पाणी तिच्या कमरेजवळून गेलं. बाजूचं पाणी थंड होतं, हे ऊन होतं, दुधासारखं. तिच्या लुगड्याला काहीतरी चाटून गेलं, ओल्या केसांचा भार असावा तसं. मग मागे पायरीवर पाणी निथळलं. एक पाऊल. दुसरं पाऊल. तिसरं.

तिने मान वळवली नाही. वळवावी असं वाटलं, पण मान हा आपला अवयव नाहीच असं झालं. ती पुढ्यातल्या पाण्यात बघत राहिली, आणि त्या पाण्यात तिच्यामागचा पाषाण, पायऱ्या आणि करंज उलटे दिसत होते. त्यांच्यामधून काहीतरी वर चढून गेलं, आणि ते करंजांपेक्षा उंच होतं. तिने डोळे मिटले.

उघडले तेव्हा बेडूक ओरडत होते. पायऱ्यांवर ओली पावलं होती, बाईमाणसाची, नेहमीच्या मापाची. वर गेलेली. उतरलेलं एकही नाही. वाटेच्या मातीत ती तशीच पुढे गेली होती, वळणावरून बागेकडे न जाता डावीकडे. डावीकडे घर एकच होतं.

दुर्गाकाकी पन्नासाव्या वर्षी पोरीसारखी धावली.

७

सीता पाटावर बसली होती, तशीच. पण तिच्या तोंडावर रंग आला होता.

"आता बरं वाटतंय, आई. ऊब आली."

"कोण इला हुता हय?"

"कोण येणार? तुम्हीच तर आलात मघाशी."

"मी?"

"असं काय करता? ओटी पसर म्हणून खूण केलीत, ओटीत घातलीत ही आणि आत गेलात." सीताने पदराची गाठ सोडली. आत हिरवी सुपारी होती. "मी बोलले तुमच्याशी, तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं रागावलात. केसांतून सारखं पाणी गळत होतं तुमच्या."

दुर्गाकाकीने आपल्या डोक्याला हात लावला. केस कोरडे होते. ती कमरेपर्यंतच भिजली होती.

"आणि आई," सीता खाली बघत म्हणाली, "विचारू नये, पण... आज कुंकू लावलंत? हे एवढं मोठं. छान दिसत होतं. मला काही वावगं वाटलं नाही हो."

दुर्गाकाकीच्या कपाळावर नऊ वर्षं काही नव्हतं.

इतकी वर्षं गाव ज्याला म्हाराजा म्हणून हाक मारत होतं... तिने पुढचा विचार केला नाही. भुईवर बघितलं. सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं माजघरातून मागच्या खोलीकडे गेली होती. त्या खोलीत गुरुदास जन्मला होता. आढ्याला पाळण्याची लोखंडी कडी अजून होती. सत्तावीस वर्षं तिला काही टांगलं नव्हतं.

दार लोटलेलं होतं. आतून कडीचा आवाज येत होता. किर्र. थांबे. किर्र. वजन घेऊन बघावं तसा.

दुर्गाकाकीने दार बोटभर ढकललं.

एक हात दिसला. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, कडी धरलेला. पाणी त्या हातावरून खाली येत नव्हतं, खालून वर चढत होतं. आणि वर चढून जिथे जात होतं तिथे आढं असायला हवं होतं. आढं नव्हतं. खोलीत वर, खूप वर, कमळाच्या पानांची खालची बाजू दिसत होती, आणि त्यांच्यामधून उजेड.

तिने दार लोटून घेतलं. उंबऱ्यावर कपाळ टेकलं. ती नुसती भीती नव्हती; दहा वर्षांची असताना तिने पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा असंच झालं होतं.

गुरुदास आला तोवर चूल पेटली होती, पेज शिजली होती. दुर्गाकाकीने केळीची पानं मांडली. एक, दोन, तीन, चार, पाच. प्रत्येकावर मीठ, लोणचं, पेजेचा भात. शेवटचं पान मागच्या खोलीच्या दाराशी.

गुरुदास बसता बसता थांबला. आईला चिडवायची अशी संधी त्याला जन्मात मिळाली नव्हती. "आये, तीन माणसांच्या घरात पाच पानां? अगो, तू चवथी पास मां?"

आतून कडी वाजली. सीताने पोटावर हात ठेवला आणि दाराकडे बघितलं.

"आज नापास झालंय," दुर्गाकाकी म्हणाली. "बस. जेव."